मला 'ययाति' आवडली नाही

'ययाति' मला आवडली नाही. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि पुस्तक मिटताना मनात आलं ते हेच. आमच्या पार्सेच्या घरी हे वाक्य बोलणं म्हणजे चवथीच्या पंगतीत बसून खतखतं आवडत नाही म्हणण्यासारखं. कोणी रागावत नाही, पण सगळे जेवायचे थांबतात.

आपल्या अंकात पुस्तकांवर येतं ते बहुतेक आवडलेल्या पुस्तकांवर. न आवडलेल्यावर लिहायचंच असेल तर ते नवं, जरा बाजारू, कुणाचं मन न दुखावणारं असावं अशी एक अलिखित रीत आहे. 'ययाति' त्यात बसत नाही. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ मध्ये आली, १९६० मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं तेव्हा मराठीला ते पहिल्यांदाच मिळत होतं. आईवडिलांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, घरात एक प्रत होती असंच सांगतील. तेव्हा लिहिताना जरा दबकायला होतं. तरी लिहिते, कारण आमच्या वाचन गटात या पुस्तकावरून जेवढी वादावादी झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झालेली नाही.

गटाबद्दल थोडं सांगते. मंडळातले आम्ही आठ-दहाजण, बावीस ते पस्तीस वयाचे, बहुतेक बेंगळुरूत नोकरीला. दर महिन्याला एक पुस्तक आणि रविवारी संध्याकाळी झूमवर गप्पा. दोन वर्षांत जास्त करून इंग्रजी कादंबऱ्याच वाचून झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच हल्ली ज्याला 'रोमँटसी' म्हणतात त्या जातीच्या. जुना काळ, राजवाडा, एक शापित राजपुत्र, जादू, आणि पाचशे पानं एकमेकांकडे बघत बसलेली दोन माणसं. मला त्या आवडतात, लपवण्यासारखं त्यात काही नाही. दमून घरी आलं की नळाच्या बिलापेक्षा शापाचा विचार बरा वाटतो.

एकदा गटातल्या एकाने विचारलं, मराठीत असं काही नाहीच का? तेव्हा मी 'ययाति'चं नाव घेतलं. सामग्री बघा की. इंद्रपद मिळवून उन्मत्त झालेला नहुष राजा आपली पालखी ऋषींच्या खांद्यावर देतो आणि आपल्या घराण्यावर शाप ओढवून घेतो, की याची मुलं कधी सुखी होणार नाहीत. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या. ती चोरायला आलेला देखणा तरुण. एका भांडणापायी राजकन्येची दासी होते. महालातून बाहेर निघणारी भुयारं आहेत. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे बाप मुलाकडे त्याचं तारुण्य मागतो आणि मुलगा देतो. जगातल्या कुठल्या लेखिकेला आज ही कल्पना सुचली तर प्रकाशक रांग लावतील. आपल्याकडे ती महाभारताच्या आदिपर्वात पडून आहे. कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाच्या मुखपृष्ठावर तर 'वासनेची अभिजात कहाणी' अशा अर्थाचं उपशीर्षक आहे. ते ऐकल्यावर गटाने एकमताने होकार दिला.

आमच्या भागातल्या माणसाला खांडेकर परके नाहीत, हेही एक कारण होतं. पार्सेहून निघायचं, केरीला फेरीबोटीत बसून तेरेखोलची नदी ओलांडायची, किल्ल्याखालून पुढे रेडी आणि मग शिरोडा. त्या शिरोड्याच्या शाळेत खांडेकर १९२० मध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३८ मध्ये कोल्हापूरला जाईपर्यंत तिथेच राहिले, पुढे मुख्याध्यापक झाले. तेव्हा नदीच्या अलीकडे पोर्तुगीज, आणि पलीकडे तेरेखोलचा किल्लाही पोर्तुगीजांचाच. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा ते तिथेच होते. लहानपणी आत्या मला एकदा शिरोड्याच्या बाजारात घेऊन गेली होती. वाटेत एका इमारतीकडे बोट दाखवून म्हणाली, "हंय खांडेकर मास्तर शिकयताले." ती असं काही देवळाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलत नसे, म्हणून ते लक्षात राहिलं. (खांडेकर शिरोड्यात अठरा वर्षं राहिले आणि त्यांचा ययाति अशोकवनात अठरा वर्षं विलासात बुडालेला असतो. यात काही अर्थ नाही, पण एकदा डोक्यात आलं ते जाईना.)

आता पुस्तकाविषयी.

सुरुवात उत्तम आहे, हे आधी सांगायला हवं. लहानपणीचा ययाति, ज्याला फूल बघून कवी व्हावंसं वाटतं आणि मग राजपुत्राने कवी होऊन कसं चालेल हे ऐकावं लागतं. त्याच्यावर जीव असलेली, सोनेरी केसांची अलका, जी राजघराण्यातली नाही. तिचं मरण वाचताना मी लोकलमध्ये नव्हते हे बरं झालं. राजमाता आपल्या मुलाच्या आयुष्यातून एक मुलगी विष देऊन पुसून टाकते आणि राजवाडा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा उठतो. इथपर्यंत मला वाटत होतं की खांडेकर एक भयंकर गोष्ट सांगायला बसले आहेत आणि ते ती सांगणार.

पण अलका मेली ती ययातीच्या मनातली एक जखम होण्यासाठी. पुढे तिची आठवण येते ती त्याला वाईट वाटायला हवं असतं तेव्हा. तिच्या आईचं काय झालं असेल, ती त्याच वाड्यात कशी वावरली असेल, याची ओढ पुस्तकाला नाही. माझी तक्रार इथून सुरू होते आणि शेवटपर्यंत तीच राहते. राजाच्या सुखाची किंमत दुसरं कुणीतरी मोजत असतं आणि पुस्तक आपल्याला कीव करायला लावतं ती राजाची. अशोकवनातल्या अठरा वर्षांत किती तरुणी आल्या आणि गेल्या, त्यांची नावंही राहत नाहीत. ययातीला स्वतःची किळस येते, ती मात्र पानोपानी सविस्तर येते.

कादंबरी तिघांच्या तोंडून सांगितली आहे: ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. १९५९ मध्ये हे करणं धाडसाचं होतं आणि कागदावर योजना छानच आहे. एक राजा, त्याची लग्नाची राणी, आणि त्याने जिच्यावर प्रेम केलं ती दासी. तिघांना 'मी' म्हणायची मुभा. मी वाट बघत होते की आता तिघांची भाषा वेगळी होईल. देवयानी ऋषिकन्या, आश्रमात वाढलेली, लाडावलेली, हुशार. शर्मिष्ठा दैत्यराज वृषपर्व्याची मुलगी, ऐश्वर्यात वाढलेली आणि मग दासी झालेली. दोघींना एकच गोष्ट सारखी दिसणं शक्यच नाही. पण दोघी आणि तो तिसरा, तिघेही एकाच वहीतून वाचल्यासारखे बोलतात. दर दोन परिच्छेदांनी जीवन म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय, याबद्दल एक घोटीव वाक्य. सुटं वाचलं तर सुंदर, डायरीत उतरवून घ्यावं असं. आमच्या गटातल्या एकीने पेन्सिलने अशा वाक्यांखाली रेघा मारायला घेतल्या आणि साठाव्या पानापर्यंत पेन्सिल बोथट झाली. त्या वाक्यांच्या गर्दीत माणसं हरवतात. आणि कच बोलू लागला की मी सरळ पाणी प्यायला उठायचे.

शर्मिष्ठेचं तर मला फार वाईट वाटलं. पण त्यासाठी आधी जरा मागे जावं लागेल.

देवयानी आणि शर्मिष्ठा मला पुस्तकात भेटलेल्या नाहीत. पेडणे तालुक्यात वाढलेल्या कुणाला असल्या गोष्टी आधी पुस्तकात भेटत नाहीत, दशावतारात भेटतात. कार्तिक उलटला की जत्रा सुरू होतात. देवळापुढच्या मंडपात गोधडी आणि थर्मास घेऊन बसायचं, आधी गणपती, मग संकासुर, त्याच्या विनोदांवर हसता हसता पोरं झोपून जायची आणि मध्यरात्रीनंतर मुख्य आख्यान सुरू झालं की आजी कोपराने ढोसून उठवायची. रंगमंचावर एक लाकडी बाक. तोच सिंहासन, तोच डोंगर. पेटी, पखवाज, झांज. बायकांची कामंही पुरुषच करतात, आणि लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरवून घ्यायचा आणि बोलायचं ते तिथल्या तिथे, समोरच्याने काय टाकलं ते बघून.

मी पाहिलेल्या देवयानी-शर्मिष्ठेच्या आख्यानात वस्त्रांच्या अदलाबदलीचं भांडण चांगलं अर्धा तास चाललं होतं. बाक म्हणजे विहीर. दोन बाप्ये, नऊवारी नेसून, नळावरच्या भांडणासारखे भांडत होते आणि मंडपातल्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, कारण त्यातलं निम्मं त्यांनी त्याच आठवड्यात कुठेतरी ऐकलेलं होतं. मग देवयानीने शर्मिष्ठेला दासी म्हणून मागितलं आणि हसू थांबलं. शर्मिष्ठेचं काम करणारा नट बराच वेळ काही बोललाच नाही. मग बापाला म्हणाला, तुमचं राज्य राहावं म्हणून मी दासी होते, पण चूक माझी एकटीची होती असं मी म्हणणार नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तेव्हापासून शर्मिष्ठा म्हटलं की मला ती मान वर करून उभी असलेलीच दिसते.

महाभारतातली शर्मिष्ठाही याच मुलखातली वाटते. ती स्वतः राजाकडे जाते. राजा अडखळतो, शुक्राचार्यांना दिलेला शब्द आठवतो, खोटं कसं बोलू म्हणतो; तर ती एखाद्या वकिलासारखा युक्तिवाद करते, की मैत्रिणीचा नवरा तो आपलाही नवराच, आणि अमुक प्रसंगी खोटं बोलल्याने दोष लागत नाही. तो युक्तिवाद आपल्याला पटो न पटो, तिला काय हवं आहे ते तिला ठाऊक आहे आणि ती ते मागते. तिला तीन मुलगे होतात: द्रुह्यू, अनू आणि पुरू. देवयानीचे दोन, यदू आणि तुर्वसू. शर्मिष्ठेची मुलं वनात खेळताना देवयानीला दिसतात, ती विचारते तुमचा बाप कोण, आणि पोरं निरागसपणे राजाकडे बोट दाखवतात. काय प्रसंग आहे हा! शाप त्यानंतरचा. मग राजा एकेका मुलापुढे हात पसरतो, चौघे नाही म्हणतात, त्या नकाराबद्दल चौघेही बापाचे शाप घेतात, आणि सगळ्यात धाकटा पुरू हो म्हणतो.

कादंबरीत पाचाचे दोन मुलगे उरले आहेत, यदू आणि पुरू. बदल करायला माझी हरकत नाही, लेखकाचा तो हक्कच आहे, आणि खांडेकरांनी आपण काय बदललं ते प्रास्ताविकात मोकळेपणाने सांगितलंही आहे. त्यांना आजच्या काळातला, सुखामागे धावणारा आणि तरी अतृप्त राहणारा माणूस दाखवायचा होता. राजा हे त्याचं रूप. हेतू स्पष्ट आहे. पण त्या हेतूसाठी शर्मिष्ठेची मागणीच गेली. राहिलं ते तिचं समर्पण. ती सोसते, क्षमा करते, समजून घेते, आणि पुस्तक जितकं तिचं कौतुक करतं तितकी ती फिकट होत जाते. देवयानीने तिला तळघरात कोंडल्यावर ती तान्ह्या पुरूला घेऊन भुयारातून, रात्री, पावसात हस्तिनापूर सोडते. हा कादंबरीतला सगळ्यात थरारक भाग. मला वाटलं आता तिच्याबरोबर जायला मिळणार. एक राजकन्या, जी दासी होती आणि आता तीही नाही, एक मूल वाढवते आहे ज्याचा बाप कोण हे कुणाला सांगायचं नाही. तिने काय काम केलं, कुठे झोपली, पोर तापलं तेव्हा कुणाचं दार वाजवलं? रोमँटसी वाचणाऱ्या माझ्यासारखीला पाचशे पानं हवी होती तीच इथे होती. पण कथा राजवाड्याकडे वळते आणि त्या वर्षांतली शर्मिष्ठा राजाच्या मानाने फारच थोडी भेटते.

आणि ती तारुण्याची अदलाबदल. ज्यासाठी सगळे थांबले होते ती. महाभारतात पुरू एक हजार वर्षं म्हातारा राहतो. हजार वर्षं! त्या आकड्यातच भीती आहे. कादंबरीत हा व्यवहार फार टिकत नाही. राजाला उपरती होते, कच धावून येतो, आणि पुरूला त्याचं तारुण्य परत मिळतं. राजाचे डोळे उघडले, काम झालं. इंग्रजीतल्या अगदी सुमार कादंबरीतही एक गोष्ट पाळलेली असते, की जादू फुकट मिळत नाही आणि दिलेलं सहज परत येत नाही. इथे इतका मोठा शाप एका धड्याएवढा उरला.

गटात यावर दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पासष्ट वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला आजचे प्रश्न विचारणं अन्याय आहे. तेव्हा हे कुणाला सुचणार होतं? हा मुद्दा मला मान्य नाही आणि त्याचं कारण गिरीश कर्नाड आहेत. कर्नाडांचं 'ययाति' हे कन्नड नाटक १९६१ मध्ये छापून आलं, म्हणजे खांडेकरांच्या कादंबरीनंतर दोनच वर्षांनी. कर्नाड घरात कोकणी बोलणारे, लिहिलं तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, शिष्यवृत्ती घेऊन ऑक्सफर्डला निघालेले आणि आईवडिलांच्या अपेक्षांनी गुदमरलेले. त्यांनी महाभारतात नसलेलं एक पात्र घातलं: चित्रलेखा, पुरूची नवी नवरी. लग्न होऊन घरी येते तर नवरा म्हातारा झालेला आणि सासरा तरुण. ती राजाला विचारते की माझ्या नवऱ्याचं तारुण्य तुमच्याकडे आहे, तर आता माझी जबाबदारीही तुम्हीच घ्या. राजाकडे उत्तर नसतं. ती विष घेते. एका प्रश्नात सगळा व्यवहार उघडा पडतो. तेव्हा 'त्या काळी सुचलं नसतं' हे काही खरं नाही, सुचत होतं.

आता आत्याकडे येते.

आमच्या घरातली प्रत आत्याची. तिच्यासमोर मी हे सगळं कसं बोलणार याची गटातल्यांनाही काळजी होती, कारण तिच्याबद्दल मी एवढं सांगून ठेवलं होतं. आत्या गोवा मुक्त झाला तेव्हा सात वर्षांची होती. मराठी शाळेत शिकली, मॅट्रिक झाली, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर लागणारी नाट्यगीतं ऐकत शिवण शिकली. 'ययाति आणि देवयानी' या शिरवाडकरांच्या नाटकातली पदं तिला अजून पाठ आहेत. ते नाटक गोवा हिंदू असोसिएशनने १९६६ मध्ये केलं आणि चाली मंगेशीच्या अभिषेकीबुवांच्या, म्हणजे ते आमचं घरचंच कार्य. मग तिला डिचोलीला दिली. नवऱ्याचं म्हापशाला दुसरं बिऱ्हाड आहे हे लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. ती गप्प बसली नाही. वाड्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली, सासूला बोलली, दिराला बोलली, आणि १९७९ मध्ये एक ट्रंक आणि शिवणयंत्र घेऊन पार्सेला परत आली ती आलीच. गावात नवऱ्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बोलले ते तिच्या जिभेबद्दल. असली जीभ असली तर घोव टिकायचा कसा, हे मी लहानपणी माझ्या कानांनी ऐकलं आहे, तिच्याकडे ब्लाउज शिवायला आलेल्या बाईच्या तोंडून, ती आत माप लिहीत असताना.

चवथीला गेले होते तेव्हा माटोळी बांधून झाल्यावर आम्ही दोघी पडवीवर बसलो. मी म्हटलं, आत्या, तुझी 'ययाति' वाचली.

"बरी लागली?"

"नाही."

ती काही बोलली नाही. वाटाण्याच्या शेंगा सोलत राहिली. मग मी सगळं सांगितलं: अलका, अशोकवन, शर्मिष्ठा कशी नुसती सोसते, देवयानीला कशी तिरसट, गर्विष्ठ, नवऱ्याचं मन न जाणणारी करून ठेवली आहे, जणू राजा बहकला तो तिच्यामुळेच. हे शेवटचं मी जरा जपून बोलले. पण तिने तेवढंच उचललं.

म्हणाली, "देवयानी वाईट आहे हे मला माहीत आहे गो. पण ती बोलते. बाकी सगळीकडे अशा बाईबद्दल दुसरेच बोलतात. इथे पानंच्या पानं ती 'मी' म्हणून बोलते. माझा अपमान कुठे झाला, मला कधी राग आला, मी काय बघितलं. असं पुस्तक मी आधी बघितलं नव्हतं." ती कोकणीत बोलली, मी मराठीत लिहिते आहे, त्यामुळे यातली धार थोडी गेली.

मी म्हटलं, पण तिला बोलायला देऊन शेवटी तिलाच मवाळ केलं ना? शेवटी ती सगळं सोडून देते, शर्मिष्ठेला जवळ करते, राजाबरोबर वनात जायला निघते.

"ती पानं मी परत वाचत नाही."

नंतर मी कपाटातून तिची प्रत काढून बघितली. पुठ्ठा नवा घातलेला, आत शिवण तिच्या हातची. पुस्तक मिटून बाजूने पाहिलं तर पानांच्या कडा काही ठिकाणी काळपट, तेलकट झालेल्या आणि मधे मधे कोऱ्या. उघडून पाहिलं. काळपट होती ती देवयानीची प्रकरणं. शेवटची तीस-चाळीस पानं पांढरीस्वच्छ.

म्हणून माझं मत बदललं असं नाही. तिला त्या पुस्तकात जे मिळालं ते पुस्तकाने तिला पूर्ण दिलंच नव्हतं. तिने अर्ध्यावर थांबून ते घेतलं. एखाद्या कादंबरीचा शेवट टाळून ती चाळीस वर्षं जवळ ठेवावी लागते, यात कादंबरीचं कौतुक किती आणि वाचणारीचं किती, यावर आमच्या गटात अजून एक रविवार जाईल. माझ्यासाठी 'ययाति' ही जवळ येऊन हुकलेली गोष्ट आहे. तिघांना बोलायला उभं केलं, मांडव सजला, रात्र झाली, आणि मग तिघांच्याही तोंडून लेखकच बोलत राहिला. दशावतारात असं झालं असतं तर मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं असतं, बाये, तू उलय मगो!

दुसऱ्या दिवशी, नेवऱ्या तळताना, मी तिला कर्नाडांच्या चित्रलेखेची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ, तुझ्या देवयानीपेक्षाही ही पुढची आहे. राजाला तोंडावर विचारते. आत्या झारा तसाच धरून ऐकत होती. प्रश्न विचारते तिथपर्यंत तिचा चेहरा खुलला होता. मग मी शेवट सांगितला.

"विष घेतलं?"

"हो."

"एवढं बोलायला शिकवलं तिला," आत्या म्हणाली, "मग मारली कित्याक?" आणि करपायला आलेल्या नेवऱ्या भराभर कढईतून काढू लागली.